डावीकडचं झाड

मराठीतलं आपलं अक्षर नेमकं कधी आलं, हे कुणालाच सांगता येत नाही. पाटीवर हात धरून गिरवून घेतलेला 'ग', दुरेघी वहीतलं शुद्धलेखन, गळकं शाईचं पेन, पुढे बॉलपेन आणि परीक्षेतली घाई, या सगळ्यातून ते होत जातं. मग कुणीतरी पाकिटावरचा पत्ता पाहून म्हणतं, अगदी वडिलांच्या वळणावर गेलंय की अक्षर! त्या घडण्याला आपण हजर होतो, पण पाहत नव्हतो. पन्नाशीला टेकल्यावर चिनी लिहायला घेतलं की मात्र पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसतं. डोकं पन्नास वर्षांचं, डोळ्यांवर चाळिशी आणि हात बालवाडीतला. हा हात कसा घडतो, कुठे अडतो, कशावर रुसतो, ते सगळं आपल्याच डोळ्यांदेखत चालतं.

मी ही भाषा घरी बसून, माझी मीच शिकते आहे. ऐकण्याबोलण्यासाठी हल्ली काय वाटेल ते हाताशी असतं. लिहिण्याचं तसं नाही. फोनवरचं ॲप आपली रेघ योग्य दिशेने गेली की ती हिरवी करून पुढच्या रेघेकडे वळतं. ती दिसते कशी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे बरीच अक्षरं ओळखता येऊ लागली, आठवून लिहिताही येऊ लागली, तरी माझ्या वहीतली चिनी अक्षरं वाचता येत, बघवत मात्र नसत. प्रत्येक रेघ जागच्या जागी असूनही अख्खं अक्षर विस्कटलेलं. असं का होतं, याचा शोध घ्यायचा तर हाताच्या आधी डोळ्यांना कामाला लावावं लागतं, हे समजायला वेळ गेला.

चिनी मुलांची वही चौकोनांची असते. प्रत्येक चौकोनात तुटक रेघांनी पाडलेली चार घरं. दुसऱ्या एका प्रकारात दोन तिरक्या रेघांची भर पडून आठ. एका रेघेचं अक्षर असो की वीस रेघांचं, त्याला चौकोन एकच, तेवढाच. मराठी हाताची पहिली पंचाईत इथेच होते. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात. वर आधार आहे, या भरवशावर आपण पोट, शेपटी, उकार सगळं खाली सोडून देतो. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात. चिनी अक्षराला ना वर खुंटी, ना खाली जमीन. ते चौकोनाच्या मध्याभोवती गोळा होतं. माझ्या सुरुवातीच्या पानांवर सगळी अक्षरं चौकोनाच्या वरच्या कडेला चिकटलेली आहेत आणि खालचा तिसरा हिस्सा ओस पडलाय. दिसत नसलेली शिरोरेषा हाताच्या हाडात किती मुरलेली असते, ते त्या पानांवरून समजतं. चिनी लिहिताना मला माझं मराठी पहिल्यांदा बाहेरून दिसलं.

मग रेघा. सगळ्यांत सोपं अक्षर 'यी', म्हणजे एक. एक आडवी रेघ, बस्स. शिरोरेषा ओढण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला यात काय अवघड वाटावं? पण आपली शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर सर्रकन ओढायची असते. तिला सुरुवात नसते, शेवट नसतो आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही. 'यी'ची रेघ म्हणजे अख्खं अक्षर आहे. पेन कागदावर किंचित दाबून टेकवायचं, दाब हलका करत उजवीकडे न्यायचं, शेवटी पुन्हा दाबून थांबायचं आणि मगच उचलायचं. तिला डोकं असतं, बारीक कंबर असते, जड शेवट असतो. शिवाय ती सपाट नसते, उजवीकडे जाता जाता जराशी वर चढते. पट्टी लावून मोजलं तर चढ दिसतो. नुसतं पाहिलं तर रेघ सरळच भासते, कारण उजवीकडच्या त्या दाबलेल्या शेवटाचं वजन चढाला तोलून धरतं. खरोखर सपाट काढली की तीच रेघ उजवीकडे कलंडल्यासारखी वाटते. तीन या आकड्याचं अक्षर म्हणजे अशा तीन रेघा, एकीखाली एक. वरची आखूड, मधली त्याहून आखूड, खालची लांब. दोन्ही फटी सारख्या. वरची जराशी झोळ पडलेली, मधली सरळ, खालची किंचित कमानदार. तिन्ही सारख्या काढल्या तर ते अक्षर राहत नाही, जिन्याच्या पायऱ्या होतात.

रेघा बऱ्या येऊ लागल्या तरी अक्षर बरं येईना, तेव्हा मला झाड भेटलं. झाडाचं अक्षर 'मू': एक आडवी, एक उभी आणि दोघी भेटतात तिथून डाव्या-उजव्या खाली उतरणाऱ्या दोन तिरक्या. उजवी तिरकी ऐटदार असते. बारीक निघते, जाडावत जाते आणि शेवटी पाऊल पुढे टाकून थांबते. आता अशी दोन झाडं शेजारी शेजारी काढली की 'लिन', म्हणजे वन. कित्त्यात पाहिलं तर डावीकडचं झाड तेच नसतं. त्याची आडवी रेघ उजवीकडे आखडलेली, अंग अरुंद आणि तो ऐटदार उजवा पाय तर गेलेलाच. त्याच्या जागी उरलाय एक छोटा ठिपका. लोकलमधल्या तीन जणांच्या बाकड्यावर चौथ्यासाठी कडेचा माणूस काही न बोलता अंग चोरतो, तसं ते झाड अंग चोरून बसलेलं असतं. उजवीकडचं झाड मग हातपाय पसरून ऐसपैस उभं राहतं.

हे एकदा दिसलं की जिकडेतिकडे तेच दिसू लागतं. मातीचं अक्षर एकटं असताना त्याची तळरेघ चांगली लांब, आडवी असते. तेच दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे जाऊन बसलं की तळरेघ खालून वर, उजवीकडे उडते, शेजाऱ्याच्या दिशेने. नदी, समुद्र, तळं या अक्षरांच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतात. वरचे दोन खाली पडतात, तिसरा उजवीकडे उसळतो. तीन झाडांचं घनदाट रान लिहिताना वरचं झाड छत्रीसारखे हात फैलावतं आणि खालच्या दोघांतलं डावीकडचं पुन्हा आपला पाय आवरून घेतं. एका अक्षरात असा ऐटदार पाय शक्यतो एकालाच. हे नियम पुस्तकांत छापलेलेही आहेत, पण पाठ करून ते हातात उतरत नाहीत. माझी विस्कटलेली अक्षरं विस्कटत होती ती रेघा वाकड्या होत्या म्हणून नव्हे. त्यांतला प्रत्येक भाग आपण एकटेच आहोत अशा थाटात उभा होता.

सुंदर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला चीनमध्ये एक अक्षर घोटावं लागतं: 'योंग', म्हणजे शाश्वत. पाच-सहा फटकाऱ्यांच्या या अक्षरात टिंब, आडवी, उभी, आकडा, वर उडणारी, खाली उतरणाऱ्या डाव्या-उजव्या अशा रेघांचे आठ प्रकार एकत्र नांदतात. म्हणून 'योंगच्या आठ पद्धती' हा धडा शतकानुशतकं गिरवला जातोय. हे अक्षर सुलेखनकार वांग शीझीच्या एका प्रसिद्ध लेखाच्या आरंभी येतं, हाही त्याच्या मानाचा एक भाग. इ. स. ३५३ च्या वसंतात, आजच्या शाओशिंगजवळ लानतिंग नावाच्या जागी चाळीसेक स्नेही वळणावळणाच्या ओहोळाकाठी बसले होते. पाण्यावर मद्याचे प्याले सोडायचे, ज्याच्यापुढे प्याला थांबेल त्याने कविता करायची, असा बेत. त्या दिवशीच्या कवितांना वांग शीझीने प्रस्तावना लिहिली. अक्षरं ३२४. त्यात 'झी' हे अगदी किरकोळ अक्षर वीसेक वेळा येतं आणि दर वेळी निराळं येतं. मागची ओळ कशी गेली, पुढे किती जागा आहे, तसं त्याचं रूप पालटतं. मद्याची धुंदी उतरल्यावर त्याने तेच पुन्हा लिहून पाहिलं, पण तसं साधलं नाही, अशी आख्यायिका आहे.

मूळ कागद आज नाही. थांग घराण्याचा सम्राट थायझोंग याने तो आपल्याबरोबर थडग्यात नेला, असं परंपरा सांगते. उरल्या त्या नकला. दरबारातले नकलाकार मूळ अक्षरांवर पातळ कागद ठेवून कडांची बारीक रूपरेषा काढत आणि आत शाई भरत. म्हणजे चीनमधलं सर्वांत नावाजलेलं हस्ताक्षर आपल्यापर्यंत आलंय ते कुणीतरी जीव ओतून गिरवलेल्या कित्त्याच्या रूपात. माझ्यासारखीला हे ऐकून जरा धीर येतो. गिरवणं हे काही फक्त बिगारीतलं काम नाही.

पण गिरवण्यातही एक चकवा आहे, आणि स्वतःच शिकणाऱ्याला तो हटकून लागतो. कित्त्याची कुठलीही जुनी वही उघडून पाहा. वर छापलेली सुबक ओळ, तिच्याखाली मुलाने काढलेल्या ओळी. पहिली ओळ बरी असते, दुसरी जरा उतरलेली, शेवटची पार ढासळलेली. मूल कंटाळलं, एवढंच त्याचं कारण नाही. दुसरी ओळ लिहिताना ते छापील ओळीकडे बघतच नाही, लगेच वर दिसणाऱ्या आपल्याच ओळीकडे बघतं. खालची ओळ वरच्या ओळीचा कित्ता गिरवते आणि प्रत्येक ओळीगणिक चूक व्याजासकट वाढते. शाळेत बाई येऊन पानावर बोट ठेवतात. घरी एकटं शिकणाऱ्याच्या पानावर बोट ठेवणारं कुणी नसतं. तो नकळत स्वतःलाच गुरू करून बसतो. मी आता एक जाड कागद घेते आणि लिहिलेलं अक्षर लगेच झाकते. पुढचं अक्षर काढायचं तर डोळ्यांना कित्त्याकडे जाण्यावाचून वाटच उरत नाही. पानं भरण्याचा वेग यात फार मंदावतो आणि तेच बरं आहे.

चिनी अक्षरशिक्षणात गिरवण्याच्या पायऱ्या नीट लावलेल्या आहेत. आधी लाल छापील अक्षरावर काळ्या शाईने गिरवायचं. मग कित्त्यावर पातळ कागद ठेवून. मग कित्ता समोर ठेवून, बघून बघून. शेवटी कित्ता मिटून. आणि या सगळ्याच्या जोडीला एक पायरी अशी, जिच्यात पेन हातात धरायचंच नाही. कित्ता उघडून नुसता वाचायचा. अर्थासाठी नव्हे, बांधणीसाठी: कुठली रेघ सर्वांत लांब, उभी रेघ मध्यावर आहे की जरा डावीकडे, दोन रेघांमधली फट किती, आडवीच्या कुठल्या बिंदूतून तिरकी फुटते. सुरुवातीला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. आपल्याकडे घोटण्याला मान आहे, बघत बसण्याला नाही.

माझ्या समोर असतो तो सुलेखनकार ओउयांग शुनचा कित्ता. इ. स. ६३२ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात असताना, त्याने च्योचंग राजवाड्यातल्या एका गोड्या झऱ्याविषयीचा मजकूर शिळेसाठी लिहिला. मजकूर मंत्री वेई झंग याचा. शान्शी प्रांतात ती शिळा आजही उभी आहे. अशा शिळांवर ओलसर कागद चोपून बसवतात आणि वरून शाईचा बोळा थापटत नेतात. कोरलेल्या खाचांत शाई जात नाही, म्हणून ठसा उमटतो तो काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचा. या ठशांनी माझी नजर बदलली. पांढऱ्यावर काळं बघताना डोळा रेघेमागे धावतो. काळ्यावर पांढरं पाहू लागल्यावर रेघांमध्ये कोंडलेले काळे तुकडे दिसू लागले, लहानमोठे, तिकोनी, चौकोनी. ओउयांग शुनची रेघ कडक, बारीक, खडीच्या खडी. पण त्याचं खरं कसब त्या मधल्या तुकड्यांत आहे. आठ रेघा दाटीवाटीने येतात तिथेही फटी एकमेकींना सांभाळून असतात. आजच्या पेनाने लिहिणाऱ्यांसाठी त्यन यिंगझांग यांची कित्त्याची पुस्तकं याच ओउयांग वळणाची आहेत. पेनाने दाब-सैल दाखवणं कुंचल्याइतकं जमत नाही. मऊ पेन्सिल आणि खाली चार-सहा कागदांची गादी घेतली तर थोडंफार जमतं. पण फटी सांभाळायला कुंचला लागत नाही, साधी पेन्सिलही पुरते.

अशा वेळी समर्थ रामदास आठवल्याशिवाय राहत नाहीत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. ब्रह्मज्ञान सांगणारा माणूस तिथे चक्क अक्षर कसं काढावं ते सांगतो: वाटोळी, सरळ, मोकळी अक्षरं, काळीभोर शाई, सरळ ओळी, काना, मात्रा, वेलांट्या स्वच्छ, पानाच्या कडेला मोकळी जागा, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं एकसारखं वळण. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम आकार धरावा, हा त्यांचा सल्ला मी चाळिशीच्या चष्म्यातून वाचला आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या चौकोनांची वही आणली. समर्थांना हवी ती एकसारखी ओळ, वांग शीझीला साधली ती दर वेळी पालटणारी. तरी दोघांच्या आधी एकच गोष्ट लागते: प्रत्येक अक्षर लिहिताना त्याच्याकडे बघणारा माणूस.

वळण बसायला लागल्यावर वेगाचा प्रश्न येतो. रेघांचा क्रम ठरलेला असतो. आडवी आधी, उभी नंतर, डावी तिरकी आधी, उजवी नंतर, वरून खाली, चौकट काढून आतलं लिहायचं आणि मगच खालचं दार लावायचं. ठाशीव, सुट्या रेघांच्या वळणाला खायशू म्हणतात. त्या वळणात क्रम मोडला तर कुणाच्या ध्यानातही येणार नाही, असं वाटतं. पण हात वेगात आला की पेन कागदावरून पुरतं उचललं जात नाही. एका रेघेच्या शेवटाकडून पुढच्या रेघेच्या सुरुवातीकडे एक बारीक धागा उमटतो आणि अक्षर शिंगशूत, धावत्या वळणात शिरतं. क्रम चुकलेला असेल तर धागे भलतीकडे जातात आणि अक्षर ओळखू येत नाही. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी या लिप्याच वेगळ्या, पण हात न उचलता झरझर लिहिण्याची निकड तीच. मोडी वाचणाऱ्याला जसा लिहिणाऱ्याच्या हाताचा ओघ मनात धरावा लागतो, तसाच शिंगशू वाचणाऱ्यालाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न घरचे विचारतात, तेव्हा त्यात तथ्य असतं. चीनमधली माणसंच आता फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टंकून समोर आलेल्या यादीतून हवं ते अक्षर निवडतात. पेन हातात घेतलं की नेहमीचं अक्षरही आठवत नाही, अशी तक्रार तिथे सर्रास ऐकू येते. २०१३ साली तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने अक्षरं ऐकून हाताने लिहिण्याची शाळकरी मुलांची स्पर्धाच सुरू केली. परदेशी शिकणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये जे प्रमाण ठरवलं, त्यात ओळखायची अक्षरं ३००० आणि हाताने लिहायची १२००. कामापुरतं म्हणाल तर हाताने लिहिणं मागे पडलंय. तरीही ज्या अक्षराची बांधणी हाताने जोखली आहे, ते मला वाचताना लांबून ओळखू येतं, आणि नुसतं टंकलेलं आठवड्याभरात पुसट होतं. पण हे कारण मी घरच्यांसाठी राखून ठेवलंय. खरं कारण इतकंच, की आयुष्यात इतक्या उशिरा एखाद्या गोष्टीकडे इतकं निरखून बघायची सवय लागणं, हेच मला मिळकतीचं वाटतं.

कित्त्यांचा प्रवास मात्र एका वेगळ्याच ठिकाणी नेतो. धावत्या वळणातल्या सर्वश्रेष्ठ लेखनात लानतिंगच्या प्रस्तावनेला पहिला मान आहे. दुसरा सुलेखनकार यान झनछिंगच्या एका कागदाला, जो आज तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. आन लुशानच्या बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी त्याने इ. स. ७५८ मध्ये श्राद्धाचा मजकूर लिहायला घेतला. हा त्याचा कच्चा खर्डा. सुरुवातीच्या ओळी शांत आहेत. पुढे खाडाखोड, ओळींच्या मध्ये घुसवलेले शब्द, कोरडा पडलेला कुंचला तसाच ओढत नेलेला, मग पुन्हा शाईत बुडवून गडद झालेलं अक्षर. सुंदर काढायच्या इराद्याने त्यातली एकही रेघ काढलेली नाही. लानतिंगचा कागदही खर्डाच. त्यातही खोडलेल्या जागा आहेत. शेकडो वर्षं माणसं ज्यांचे कित्ते गिरवत आली, त्या दोघांसमोर त्या क्षणी कुठलाच कित्ता नव्हता. आयुष्यभर घोटलेलं सगळं हातात होतं आणि मन सांगण्यात गुंतलेलं होतं.

म्हणून अलीकडे मी रोज कित्ता मिटल्यावर स्वतःचं एक वाक्य लिहिते. आज भाजी महाग होती. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचं राहिलं. शेजारच्या काकू बऱ्या झाल्या. चिनी भाषेत माझी मजल अजून एवढीच. आणि गंमत अशी की त्या वाक्यात अक्षर लगेच बिघडतं. डोकं शब्द शोधण्यात गुंततं, हाताकडे लक्ष राहत नाही आणि डावीकडचं झाड पुन्हा पाय पसरून बसतं. कित्त्याच्या पानावरून मी किती सुधारले ते समजत नाही, या वाक्यावरून समजतं. लक्ष दुसरीकडे असतानाही जे हातात टिकतं, तेवढंच आपलं झालेलं असतं. माझं आतापर्यंत झालंय ते थोडंच. पाण्याचा तिसरा थेंब आता न सांगता उसळतो. आडव्या रेघा आपोआप चढतात. झाडाचं अजून बाकी आहे.